कोणता उतारा?

१

रुपालीच्या मोबाइलमध्ये चार मेसेज होते, आणि तेवढ्यावर सारं गाव तिला नवऱ्याची खुनी ठरवून मोकळं झालं होतं.

फौजदार देवसिंग राठोड यांनी तो मोबाइल माझ्यापुढे टेबलावर ठेवला. जिल्ह्यात कॉम्प्युटर-मोबाइलचं काही अडलं की पोलीस मला बोलावतात. मी यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि मुख्य म्हणजे फुकट येते. येते ती येते, वर सगळ्यांना झाडते, असं माझ्या पाठीमागे म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

"वाचा, पद्मजा मॅडम," देवसिंग म्हणाले.

पहिला मेसेज रुपालीनं पाठवलेला. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: उतारा. त्यावर उत्तर आलेलं: 'उताऱ्यासाठी गट क्रमांक पाठवा.' तिनं शेताचा गट क्रमांक पाठवला होता. शेवटचं उत्तर: 'विनंती स्वीकारली आहे. कृपया प्रतीक्षा करा.'

"तिकडे नवरा उलट्या करून राह्यला, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, आणि ही बाई सातबाराचा उतारा मागून राह्यली. पुढं किती वेळानं त्याला जीपमध्ये टाकलं. दवाखाना यायच्या आधीच अतुल संपला. जमीन त्याच्या नावावर. फवारताना अंगात गेलं का चहात घालून पाजलं, ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. आता तुम्हीच बोला."

ते २०१७ साल. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी हटत नव्हती, आणि फवारणारी माणसं रोज कुठं ना कुठं आडवी होत होती. दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. अतुल त्यांच्यातलाच एक म्हणून मोजला गेला असता, पण हे मेसेज मध्ये आले.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, औषधावरचा उतारा मागत होती."

"मग झालं की. उतारा म्हणजे विषावरचा इलाजही होतोच."

"होते ना. पण मग गट नंबर काहून दिला मॅडम? इलाजाले गट नंबर लागते का?"

उत्तर सापडलं नाही की मी चिडते.

२

रुपाली ठाण्याच्या मागच्या खोलीत बाकावर बसली होती. बोरी अरबच्या पलीकडच्या एका लहान गावची. वय फार तर पंचवीस. मला पाहून तिनं "जय भीम मॅडम" म्हटलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती नवऱ्याची नव्हे, मुलीची.

"मायी दीपा सासूपाशी आहे. ते माह्याजवळ देत नाई. म्हणते, बापाले खाल्लं, लेकराले बी खाशीन."

"उतारा हा शब्द कुठून आणलास?"

"तो कंपनीवाला पोरगा आलता न गावात. धम्मरत्न. समाजमंदिरात बसवून सांगतलं त्यानं, औषध लागलं का या नंबरवर उतारा लिवा, मदत येते. मी तवाच त्याच्या मोबाइलवर लिवून पाहलं होतं. दवाखान्याचा नंबर आलता."

"आणि या खेपेला?"

"या खेपेले मशीननं जे विचारलं ते मी सांगतलं. मले काय माहीत वेगळं काही आहे म्हणून?"

"तेव्हा होतात कुठं तुम्ही?"

"उकंडाभाऊच्या वावरात. हे फवारत होते, मी पाणी आणून देत होती. पहिले म्हणे डोळे चुरचुरतात. मंग बसले. मंग खालीच पडले."

देवसिंगांनी मला बाहेर घेतलं. "उकंडा म्हणतो, त्या दिवशी त्याच्या वावरात फवारणीच नव्हती. आणि सासू मथुराबाई म्हणते, पोरगा सकाळी स्वतःच्या तोंडानं सांगून गेला, आज फवारायले जात नाई. दोघं एकीकडे, ही एकटी एकीकडे. जीपवाल्यानं यांना गावच्या फाट्यावरून उचललं, वावरातून नाही. मंगळवारी मला कोर्टात उभं करायचं आहे तिला."

म्हणजे हातात वेळ फारसा नव्हता. आत ती बाई पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघत होती. रडून झालेलं होतं, आता नुसतीच बसली होती.

३

मथुराबाई दारातच बसल्या होत्या. मांडीवर दीपा झोपलेली. मला वाटलं होतं, सून-सासूचं जुनं वैर असेल, जिभेचा पट्टा सुटेल. तसं काही झालं नाही. बाई खचलेल्या होत्या.

"शेजारच्या पोराचे डोळे गेले फवारणीनं. म्या अतुलले दीपाच्या डोक्यावर हात ठेवून वचन मागतलं होतं का जाऊ नको. त्यानं देल्लं. थो मायाशी खोटं बोलत नव्हता बाई. मंग त्याच्या अंगात औषध आलं कुठून? घरातूनच न?"

सगळा खटला या एका वाक्यावर उभा होता: लेक आईशी खोटं बोलत नव्हता. मला दोन मुलगे आहेत.

उकंडा गोठ्यात दावं विणत होता. वर न बघता म्हणाला, "माया वावरात कोणीच नव्हतं. माही फवारणी पोळ्याच्या आंधीच झालती." मी फवारणीचं अजून विचारलंही नव्हतं.

परतताना ग्रामपंचायतीपाशी गाडी थांबवली. भिंतीवर निळ्या रंगात मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'विषबाधा झाल्यास या नंबरवर मेसेज करा.' रुपालीनं मेसेज केला तो हाच नंबर.

"देवसिंग, हा विषबाधेचा नंबर आहे. इथं सातबारा कसा मिळेल?"

"ही मेसेजची सेवा चालवणाऱ्या कंपनीचा मालक पियूष म्हणाला, आमची जमिनीची पण सेवा आहे. बाईनं उतारा मागितला, आम्ही विनंती घेतली."

"याच नंबरवर देतात, असं म्हणाला?"

"तसं नाही म्हणाला. मी विचारलं नाही."

मी माझ्या मोबाइलवरून त्या नंबरला 'विष' असं लिहून पाठवलं. लगेच उत्तर: अँब्युलन्सचा नंबर, जवळचा दवाखाना, अंग साबणानं धुवा, वाट पाहू नका.

"चालू तर आहे," देवसिंग म्हणाले.

"गावात विष कोण म्हणतं हो? दुकानातून आणतात ते औषध. विष म्हणजे मुद्दाम घेतलेलं. घरच्या माणसासाठी तो शब्द कोण लिहील?"

मग मी 'उतारा' असं लिहून पाठवलं. आम्ही दोघं त्या भिंतीपुढे उभे राहिलो. मोबाइल वाजला.

'उताऱ्यासाठी गट क्रमांक पाठवा.'

देवसिंगांनी डोक्यावरची टोपी काढली.

४

पियूषची कंपनी यवतमाळात, एका कापडदुकानाच्या वर. माणसं तीनच: पियूष मालक, धम्मरत्न आणि भैरवी प्रोग्रॅम लिहिणारे. धम्मरत्ननं विषबाधेची सेवा बनवली होती, भैरवीनं जमिनीची. दोन सेवा, दोन वेगळे नंबर. मी एकेकाला वेगळं बसवलं.

पियूष गोड बोलणारा. "मॅडम, विषबाधेच्या प्रोग्रॅमला जूनपासून कोणी हात लावलेला नाही. एक ओळ बदललेली नाही. तपासा हवं तर. पोलिसांचा फोन आल्यावर मी स्वतः 'विष' पाठवून बघितलं, उत्तर बरोबर आलं."

"उतारा पाठवून बघितलंस?"

"त्याची काय गरज?"

"गरज!" मी म्हटलं आणि त्याला बाहेर पाठवलं.

धम्मरत्न केळापूरकडचा. "मॅडम, गावोगाव फिरून मी शब्द गोळा केले. लोक उतारा म्हणतात म्हणून उतारा ठेवला. त्या ताईंना मीच शिकवलं ते. माझ्यासमोर बरोबर उत्तर आलं होतं. प्रोग्रॅम तोच आहे. मग असं कसं होऊन राह्यलं?"

"शब्दाचा अर्थ तुझा प्रोग्रॅम स्वतः लावतो?"

"नाही. अर्थ लावायचं काम शब्दपेटीचं. ती भैरवीनं लिहिली. माझा प्रोग्रॅम तिला शब्द देतो, ती सांगते माणसाला काय हवंय आणि त्यावर काय उत्तर धाडायचं. मी त्या पेटीवर विसंबून आहे. पण मी स्पष्ट मागून ठेवलंय, मला पेटी क्रमांक एकच पाहिजे. दुसरी दिली तर माझी सेवा सुरूच होणार नाही, अशी सोय आहे."

भैरवी फटकळ, माझ्याच जातकुळीची. "जमिनीच्या सेवेसाठी मी नवी पेटी केली. तिच्यात उतारा म्हणजे सातबारा. जमिनीच्या कामात दुसरा काय अर्थ असणार? म्हणूनच तर तिला मी क्रमांक दोन दिला. एकाची दोन केली याचा अर्थ जुन्या प्रोग्रॅमनी ती न बघता घेऊ नये. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"तुझी सेवा जुन्या पेटीवर चालेल?"

"छे. तिला सातबारा ठाऊकच नाही. मीही बजावून ठेवलंय, मला दोनच हवी."

दोघंही खरं बोलत होते. खोटं बोलणाऱ्याला मी वर्षानुवर्षं परीक्षेत पकडत आले आहे, मला कळतं. पण दोघंही खरे असतील तर उताऱ्याचा अर्थ बदलला कोणी?

मग मी मशीनच्या खोलीत डोकावले. दोन टेबलं होती. एकावर मशीन घरघरत होतं. दुसऱ्यावर धुळीत नुसती चौकोनी जागा उरली होती.

५

तिघांना एकत्र बसवलं. देवसिंग दाराशी उभे.

"देवसिंग, आधी तुम्हाला सांगते," मी म्हटलं. "एका घरात दोन जावा. दोघींचे तिखटाचे डबे वेगळे. एकीचं साधं, दुसरीचं मसाला घातलेलं. दोन्ही डब्यांवर नाव मात्र तिखटच. दोघी शहाण्या, दोघींनी सांगून ठेवलंय, मला माझाच डबा द्या. तोवर सगळं ठीक. आता फळीवर जागा नाही म्हणून घरधन्यानं एक डबा फेकून दिला, तर?"

"एकीची भाजी बिघडणार."

"आणि ती शपथेवर सांगणार, मी भाजी नेहमीसारखीच केली. खरंच सांगणार. धम्मरत्नला पेटी एकच हवी, भैरवीला दोनच हवी. अशा दोन सेवा एका मशीनवर शेजारी मांडायला गेलं तर मशीन अडून बसतं. म्हणतं, यांचं जमत नाही, आधी मिटवा. म्हणून त्या वेगवेगळ्या मशीनवर होत्या. आज तिथं एकच मशीन आहे आणि दोन्ही चालू आहेत. त्या चालू शकतातच कशा? कोणीतरी एकाला गप्प केलं म्हणूनच. भैरवीच्या सेवेला गप्प केलं असतं तर सातबारा बंद पडला असता. तो चालू आहे. म्हणजे गप्प केलं ते धम्मरत्नच्या मागणीला. प्रोग्रॅमला हात लावायची गरजच नव्हती. प्रोग्रॅमच्या शेजारी लिहिलेला 'एक' खोडला की झालं. मग त्याला मिळेल ती पेटी चालते. बाकी सगळ्या जुन्या शब्दांचे अर्थ दोन्ही पेट्यांत सारखे. एवढा एक शब्द सोडून. दुसरं मशीन कोणी हलवलं, पियूष?"

पियूष खाली बघत होता. "भाडं वाढलं होतं," तो हळूच म्हणाला. "मशीन सारखं अडत होतं, कुठला आकडा जुळत नाही म्हणून. हे दोघं सुट्टीवर होते. मी तो आकडा खोडला, तर सुरू झालं. सगळं सुरू झालं, मॅडम. मला वाटलं, मी दुरुस्त केलं."

"हे कधी केलंस?"

"पोळ्याच्या सुमारास."

"तेव्हापासून आणखी कितीजणांनी उतारा लिहिलं?"

धम्मरत्न उठला, मशीनवरची यादी बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसला. फटकळ भैरवी रडायला लागली.

"कोणतं कलम लावू मी याले?" देवसिंग मला म्हणाले. "आकडा खोडल्याचं?" मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मशीन चुकलं, मानलं. पण माझा प्रश्न तिथंच आहे. बाईनं गट नंबर काहून दिला? कोर्टात वकील हेच विचारील. तिला इलाज पाहिजे होता तर मशीनला ती म्हणाली असती, कसला गट नंबर? ती बिनबोभाट नंबर पाठवून मोकळी झाली."

तो नंबर मी तोपर्यंत नुसता बघितला होता, वाचला नव्हता. देवसिंगांनीही वाचला नव्हता. गट नंबर म्हटलं की तो अतुलच्याच जमिनीचा, असं आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं.

"अतुलच्या शेताचा गट नंबर किती?" मी विचारलं.

देवसिंगांनी तलाठ्याला फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मेसेजमधला नंबर तो नव्हताच.

६

"उकंडाच्या वावराचा आहे," फोन ठेवून ते म्हणाले. "पण हिला दुसऱ्याच्या वावराचा गट नंबर पाठ कसा?"

आम्ही उकंडाला सोबत घेऊन तडक त्याच्या वावरात गेलो. बांधावरून आत शिरलं की सरकारी योजनेची विहीर. अशा विहिरीवर पाटी असतेच: लाभार्थीचं नाव, वर्ष, गट क्रमांक. इथल्या पाटीवर मेसेजमधलाच आकडा होता. विहिरीच्या सावलीत माती दबलेली होती आणि कपाशीच्या ओळीत फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं एक झाकण पडलं होतं. ही पाटी वाचायला माणूस इथं उभाच असावा लागतो. घरी चहात औषध कालवणारी बाई इथं कशाला येईल? आणि नवऱ्याची जमीन हवी असणारी बाई उकंडाचा सातबारा कशाला मागेल?

उकंडानं एकदा पाटीकडे बघितलं. "साहेब, मी भेलो. कोणी मेलं का वावरवाल्यावर येते म्हणे. माया पोरीचं लग्न आहे. थो मायाकडंच होता. मी बाजारात गेलतो. मायले वचन देल्लं होतं म्हणून कोणाले सांगू नका म्हणे थो."

म्हणजे मथुराबाईंशी लेक खोटं बोलला होता. त्यांना ते देवसिंगांनीच सांगितलं. मी गाडीत बसून राहिले, माझ्यानं उतरवेना.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात रुपालीला सोडायचे कागद झाले. मथुराबाई दीपाला घेऊन आल्या आणि तिला रुपालीच्या मांडीवर ठेवलं. मग स्वतः त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

माझा एक प्रश्न राहिला होता. "रुपाली, गट नंबर मागितल्यावर तुला नवल नाही वाटलं?"

"कायचं नवल, मॅडम? उताऱ्यासाठी गट क्रमांक पाठवा म्हणे. मले वाटलं, कोण्या वावरात पडले ते विचारून राह्यले. गाडी बरोबर जागी पाठवाले. मी पाटी वाचून पाठवला. मंग आलं, प्रतीक्षा करा. म्हणून मी प्रतीक्षा केली. त्याईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हे म्हणे, चाल, रस्त्यावर जाऊ. मीच म्हटलं, हलू नका, गाडी इथं येऊन राह्यली. मंग कोणीच नाई आलं तवा ओढत नेलं फाट्यापर्यंत."

देवसिंग उठून खिडकीशी गेले.

"मशीन बरोबर असतं तर काय लिवून आलं असतं?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "अँब्युलन्सचा नंबर. अंग साबणानं धुवा. आणि वाट पाहू नका."

"वाट पाहू नका," तिनं तेवढंच परत म्हटलं. "अन मंग वाचले असते?"

"डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलेले बरेच वाचले."

ती दीपाच्या केसांतून हात फिरवत राहिली. आवाज चढला नाही, डोळेही कोरडे होते.

"इतके दिवस सारे मले खुनी म्हणत, तरी मले रात्री झोप लागे, मॅडम. मले माहीत होतं का म्या काही नाई केलं. हे रस्त्यावर चाल म्हणत होते, अन मी त्याईले धरून ठेवलं होतं. हे मले तुम्ही काहून सांगतलं?"